हात लावलेलं बियाणं

हस्त नक्षत्र लागलं होतं. रानाला वाफसा आला होता आणि कोहिनूर गावाच्या शिवारात पेरणीच्या तिफणी चालू झाल्या होत्या. काशाप्पाचे बैल मात्र गोठ्यातच होते.

त्याच्या घरात पेरणीची पहिली मूठ थोरल्या मुलाने तिफणीच्या चाड्यावर धरायची, असा रिवाज. थोरला तुळजाराम सोलापूरच्या गिरणीत लागला आणि त्याला पेरणीला येणं जमेना. तेव्हा काशाप्पाने तोड काढली. श्रावण सरता सरता ज्वारीचं थोडं बियाणं पिशवीत बांधून तो ईरण्णाबरोबर पाठवू लागला. गावातला हा ईरण्णा घोंगड्या विकायला सोलापूरला जाई. तुळजारामने बियाण्यावर हात ठेवायचा, ईरण्णाने ते परत आणायचं, आणि इथे बाकीच्या बियाण्यात मिसळून पेरायचं.

काशाप्पाला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्याच्या बायकोला, अनसाबाईलाही नाही. मुलाची खबर यायची ती या पिशवीसोबत, ईरण्णाच्या तोंडून. अंग धरलंय. दाढ दुखायलीय म्हणाला. अनसाबाई तेवढंच वर्षभर पुरवून वापरी. दाढेचं कळल्यावर पुढच्या साली तिने बियाण्यात लवंगांची पुडी घातली होती.

यंदा ईरण्णाच परतला नव्हता. गाव निजामाच्या मुलखात, सोलापूर हद्दीपलीकडे, आणि ती हद्द बंद होती. मग फौजा आल्या, राज्य बदललं म्हणे. गावातली काही घरं रिकामी झाली आणि कोण कुठे गेलं हे कुणी कुणाला विचारेना.

"आवो, रान वाळायलंय," अनसाबाई म्हणाली. "लोकाची ज्वारी गुडघ्याला लागल्यावर पेरताव का?"

"त्याचा हात लागला न्हाई."

"मग वरीसभर हातच खावा."

त्या हाताविना पेरलं तर आपणच पोराला संपवल्यासारखं होईल, असं काशाप्पाला वाटत होतं. तिलाही तेच वाटत होतं, म्हणूनच तिचा आवाज चढत होता.

एका दुपारी ईरण्णा आला. खांद्यावर घोंगड्या नव्हत्या, दाढी वाढलेली. पिशवी त्याने ओट्यावर ठेवली.

"नळदुर्गाच्या पुढं जाऊच दिलं न्हाई, काशण्णा. इतके दिस उमरग्याला पाव्हण्याकडं दडून हुतो. बी नेलं तसंच आणलंय."

काशाप्पा पिशवीकडे बघत राहिला. त्याचा चेहरा ईरण्णाला बघवेना.

"आसं कामून करायलास? पेर की! गेल्या सालीबी त्याचा हात लागला न्हाई. पीक आलंच न्हवं?"

बोलून गेल्यावर ईरण्णाने जीभ चावली. अनसाबाई दारात आली होती.

"गेल्या सालीबी?"

"खोलीला कुलूप हुतं, अक्का. मला वाटलं, गिरणीत पाळीवर गेला आसल."

"आन् लेक झालीय त्याला, बापाच्या तोंडवळ्याची, म्हणून सांगितलास ते?"

"तुमी दोघं तोंडाकडं बघत बसला हुताव. रिकाम्या तोंडानं कसं येऊ?"

"म्हंजे नात न्हाई?"

"आसलबी, अक्का. मला ठावं न्हाई."

त्या नातीचं नाव अनसाबाईने मनात ठेवून टाकलं होतं. ती चौकटीला धरून खाली बसली.

काशाप्पा आत गेला. डोईला पटका गुंडाळून, घोंगडी खांद्यावर टाकून बाहेर आला.

"कुठं निघालाव?"

"सोलापूर."

"रस्ता बरा न्हाई आजून," ईरण्णा म्हणाला. "मी येतो संगं."

"नको. इतकी सालं तुज्या पायानं गेलो. आता माज्या पायानं जातो. तू तिफण हाक, ही चाडं धरल."

अनसाबाईने त्याला अडवलं नाही. उठून फडक्यात भाकरी आणि चटणी बांधून दिली. अंगणाच्या टोकाला जाऊन काशाप्पा थांबला. मुलगा सोलापुरात नेमका कुठे राहतो, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. ईरण्णाला ठाऊक होतं, तेवढ्यावर भागत होतं.

"चाळीचं नाव काय?"

"गुंडेरावाची चाळ. गिरणीच्या आंगाला, हिरीच्या मागं. पर तिथं हाय का न्हाई..."

"तिथनं पुढं विचारत जाईन."

तो पत्ता पुटपुटत निघाला. चुकून ‘हिरीच्या पुढं’ म्हणाला, तेव्हा ईरण्णाने ओरडून सुधारलं. अनसाबाईही मागे उभी राहून तेच म्हणत होती. काशाप्पा पांदीच्या वाटेला लागून दिसेनासा झाला, ईरण्णाने बैल सोडून आणले, तरी ती सुपात बियाणं ओतत म्हणतच होती. गुंडेरावाची चाळ, हिरीच्या मागं. दोघांपैकी एकाच्या तरी ध्यानात राहावं म्हणून.