शालिनीकाकू आणि गल्लीतला कोरडा नळ

आमच्या गल्लीतले सगळे म्हातारे कॅमेऱ्यासमोर खोटं बोलले.

एक शालिनीकाकू सोडून. आज सकाळी ती गेली.

घाटकोपरच्या आमच्या जुन्या गल्लीवर मी रिसर्च करतेय, तुम्हाला माहीतच आहे. रोजचं जगणं कसं होतं, ओट्यावर कोण बसायचं, पाणी कसं भरायचे. चाळी पाडायच्या आधी फिल्म करून ठेवायची होती.

विचारलं की सगळ्यांचं एकच पालुपद. आम्ही एका कुटुंबासारखे राहायचो.

शेवटी वैतागून म्हटलं, बोलू नका, करून दाखवा.

भिंतीतला सार्वजनिक नळ कधीचा कोरडा पडलाय. एकेका बाईच्या हातात रिकामा हंडा दिला आणि म्हटलं, भरा पाणी.

हंडा लावायच्या आधी प्रत्येकीने तोटीवर ओंजळभर पाणी मारल्यासारखं केलं. न सांगता.

का, विचारलं तर म्हणे धूळ असायची.

शालिनीकाकूचा हातही तसाच उठला. आणि मध्येच थांबला.

"कॅमेरा बंद कर गो," म्हणाली.

मग सांगितलं. गल्लीत बौद्धांचं एकच घर, सुमनमावशीचं. ती पाणी भरून गेली की बाकीच्या बायका नळ धुऊन घ्यायच्या. काकूसुद्धा.

पुढे ह्याच दोघी साकीनाक्याला पॅकिंगच्या गाळ्यात शेजारी बसायच्या, एका डब्यात जेवायच्या. आयुष्यभराची मैत्री.

नळाचा विषय कधी निघाला नाही.

मी म्हटलं, काकू, तू नको म्हणालीस तर फिल्ममधून नळाचा भाग कापते. तिने रिकामा हंडा माझ्या हातात दिला आणि घरी गेली.

सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना कुणकुण लागली. वातावरण खराब करू नकोस म्हणाले, रीडेव्हलपमेंटच्या सह्या बाकी आहेत.

घरी आईने अबोला धरला. फिल्ममध्ये तोटीवर पाणी मारणारा तिचाही हात होता ना.

स्क्रीनिंगला हॉल भरलेला. सुमनमावशी नातीला घेऊन पहिल्या रांगेत. मी फिल्म दोन तऱ्हेने तयार ठेवली होती, एक कापलेली आणि एक पूर्ण. कुठली लावायची ते अजून ठरत नव्हतं.

काकू जवळ आली आणि हळूच म्हणाली, "पुरी लाव."

पडद्यावर एकामागून एक हात. तोटीवर पाणी, तोटीवर पाणी. मागून कोणीतरी म्हणालं, धूळ असायची खूप.

काकू उठली. सुमनमावशीसमोर जाऊन उभी राहिली.

"सुमन, धूळ नव्हती गो. तू गेलीस की आम्ही नळ धुवायचो. मी पण."



"ठाऊक आहे," मावशी म्हणाली. "आमच्या खिडकीतून नळ दिसायचा."

नातीचा हात धरला आणि निघून गेली.

नंतर कित्येक महिने दोघी बोलल्या नाहीत. काकू संध्याकाळी मावशीच्या दारापर्यंत जायची आणि तशीच परत यायची. लोक मला म्हणाले, चांगली मैत्री तोडलीस, काय मिळवलंस?

फार त्रास झाला त्याचा.

काल हॉस्पिटलमध्ये काकूने पाणी मागितलं. सून चमचा घेऊन पुढे झाली, तर काकूने तोंड फिरवलं. पुन्हा पाणी मागितलं, पुन्हा तेच.

तेवढ्यात दारात सुमनमावशी. कोणी कळवलं होतं देव जाणे.

तिने सुनेच्या हातातला चमचा घेतला.



काकू प्यायली. आणखी मागितलं. आणखी प्यायली.

बाहेर आल्यावर मला रडू आवरेना. मावशीचे डोळे कोरडे होते.

"तू यावर लिहिशील, माहितीये मला," ती म्हणाली. "माफ केलं असं लिहू नकोस. तिला तहान लागली होती, मी पाणी दिलं."

मावशी, तसं लिहिलेलं नाही.

शालिनीकाकू, सुखाने जा.

फिल्ममधलं काहीच कापणार नाही. आईचा हातसुद्धा नाही.