दादाची कांद्याची पात

रविवारी सकाळी फोन आला तेव्हा मी नगरच्या घरी नातवंडांसाठी आम्लेट करत होते. देवळाली प्रवऱ्याहून दादाच्या शेजारणीचा, नंदाताईंचा फोन. "सुमनताई, दादा गेले ओ... झोपेतच." मी गॅस बंद केला. आणि पहिलं मनात काय यावं? हाताला अंड्याचा वास येतोय, आणि दादाला तर मी सांगितलंय की मी अंडं सोडलं! मेल्या मनाला लाज कशी ती नाही.

महिना होऊन गेला. आता सांगूनच टाकते.

दादा माझा थोरला भाऊ, साखर कारखान्यातून निवृत्त झालेला. वहिनी गेल्यावर एकटाच राहायचा, आणि स्वयंपाकातलं त्याला एकच येत होतं. माघ-फाल्गुनात हरभऱ्याचे घाटे भरले की रविवारी सकाळीच फोन, "सुमे, कांद्याची पात लई कवळी हाय आज. येतीस ना?" संध्याकाळी तो ओट्याशी पात चिरायचा, मी घाटे सोलायचे. लसूण-मिरचीवर ते हिरवे दाणे, मग पात, आणि पात जेमतेम मऊ पडली की वरून चार अंडी फोडून झाकण. हलवायचं नाही! "तुमी बाया उगं ढवळत बसता," म्हणायचा. त्या तव्यातलंच, गरम भाकरीशी खायचो आम्ही. पोटाला हलकं आणि चवीला... जाऊ दे.

पण जेवताना वहिनीचा विषय निघायचाच. तिचं आजारपण, तिचा शेवटचा दिवस, "लवकर न्यायला पायजे हुतं गं तिला..." दर वेळी तेच, त्याच शब्दांत. दोन वर्षं ऐकलं आणि मला कंटाळा आला. हो, कंटाळाच. गुडघे, एसटीची गर्दी ही सगळी निमित्तं. यंदा पहिला फोन आला तशी मी धडधडीत खोटं बोलले, "दादा, मी अंडं सोडलंय." त्याला दुसरं काही येत नाही, म्हणजे बोलावणंच बंद होईल, हा माझा शहाणपणा. तो "बरं केलंस," एवढंच म्हणाला. पुढे खरंच फोन आला नाही. आणि मला, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं.

तेराव्यानंतर घर आवरताना नंदाताईंनी एक छोटी स्टीलची कढई माझ्यापुढे ठेवली. "ही तुमची." मला काही कळेना.

"दादा माझ्याकडं शिकायला यायचे ओ. अंड्याबिगर, बेसन लावून पात कशी करायची ते. दोनदा करपवली, एकदा नुसते गोळे झाले. नीट जमल्याबिगर सुमीला बोलवायचं न्हाई, म्हणायचे. घरातल्या भांड्यांना अंडं लागलंय, तिला चालायचं न्हाई, म्हणून राहुरीहून ही नवी आणली."

"मग जमली का त्याला?"

"जमली की. शनिवारी. म्हणाले, उद्या सकाळी फोन लावतो तिला..."

माफी मागायची तर माणूसच उरला नाही. कढई आता माझ्या ओट्यावर असते. परवा सून तिच्यात अंडी उकडायला निघाली आणि मी तिच्यावर ओरडलेच. बिचारीला काय माहीत! तिने कढई उलटसुलट करून पाहिली आणि काठावरची अक्षरं मोठ्याने वाचली. दुकानदाराला सांगून दादाने कोरून घेतलेली.

"सुमनची. अंडं लावू नये."