आईनं उलटीकडून वाचलेली गोष्ट

माझा आवडता मंगाकार वाफाळता भात चितारायला लागला की भूक लागते. एका खानावळीतल्या खाष्ट मालकिणीवर त्यानं कितीतरी जपानी चित्रकथा काढल्या, आणि त्या वाचत मी एकटीच खिदळत बसायचे. यंदा त्याला काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यानं रडकी प्रेमकथा काढली. नायिका आजारी पडते, प्रियकराला त्रास नको म्हणून काही न सांगताच त्याच्याशी नातं तोडते आणि मरते. तो बाबाही एका शब्दानं विचारत नाही. दवाखान्यातसुद्धा तिचे गाल पुरीसारखे टम्म, आणि आसवं कांदा चिरल्यावरची. मला काडीचंही पटलं नाही.

पुस्तक ज्यानं दिलं तो मात्र शेवटी ढसाढसा रडला होता. तो माझ्या ऑफिसातला, घरी कन्नड बोलणारा. आम्हाला लग्न करायचं होतं आणि घरी सांगायचं धाडस मला होत नव्हतं. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, तरुणपणी आमच्या सीमाभागातल्या मराठीसाठीच्या मोर्चांत घसा बसेस्तोवर घोषणा दिलेल्या. बाजारात तेही फर्डं कन्नड बोलतात, पण बाजार वेगळा आणि अनगोळातल्या आमच्या घराचा उंबरा वेगळा. आपणच मागं सरावं, असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

"सांगायला हिची काय जीभ झडली होती?" मी पुस्तकावर खेकसले. पावटे सोलणाऱ्या आईनं ते ऐकलं, आणि मी चहा ठेवायला उठल्यावर पुस्तक उचललं. मंगा उजवीकडून उघडतात. आईनं आपल्या पुस्तकांसारखं ते डावीकडून उघडलं. पुस्तक इंग्रजीत होतं; ते येत नसल्यानं ती नुसती चित्रं बघत गेली.

"पयल्याच पानावर फोटोला उदबत्ती?" ती म्हणाली. मी सांगणार होते, पण ती रंगून गेली होती. तिचा चहा निवला. तिच्या शेवटच्या पानावर दोघं एका वाडग्यातल्या शेवया खात हसत होती. आईनं पदरानं डोळे पुसले.

"मेली म्हणून फोटो लावला, पर जिती निघाली बघ. गाठ पडली बाई एकदाची."

"आई, उलटं वाचलंस. ती शेवटी मरते. कुणाला काही सांगतच नाही."

"का? घरात आई न्हवती व्हय तिला?"

मग मी आमच्या दोघांचं सगळं सांगून टाकलं.

आईनं पुस्तक मिटून परत पावटे पुढं ओढले. म्हणाली, "आयतवारी जेवायला बोलीव त्याला. आप्पास्नी मी सांगतो."

आप्पा रविवारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. तो आला, अडखळत मराठी बोलू लागला. आप्पा मान खाली घालून जेवत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही. भात आणखी वाढू का, असं त्यांनी त्याला चक्क कन्नडमध्ये विचारलं. मला रडूच आलं.

आमटी वाढता वाढता आई त्याला म्हणाली, "तुमचं पुस्तक लई आवडलं बघा. शेवट तर लईच चांगला."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं.

"हौदु, व्हय काकू," तो म्हणाला, "शेवट चांगलाच हाय."