काटे नसलेला मासा

तैवानच्या कारखान्यात लागल्यापासून मी नुसत्या भातावर होतो. आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. शाकाहारी आहे असं ऐकून कोपऱ्यावरच्या खाणावळीत गेलो, तर भाज्यांच्या रांगेत अख्खा मासा, कातडीसकट! वाढून घ्यायचा चिमटा हवेतच राहिला. सातवीत शाळा सुटलेली, चिनी पाटी तरी काय वाचणार?

मालकीणबाईंनी मासा मोडून दाखवला. आत काटा नाही, नुसतं सोयाबीन.

"मग त्याला मासा कशाला करायचं, मावशी?" मी भाषांतरासाठी फोनमध्ये बोललो.

त्या हसून काहीतरी म्हणाल्या. फोननं मराठीत सांगितलं, "माझ्या सासऱ्यांनी मासे खाणं सोडलं, पण आठवण सुटेना."

घर सुटलं तरी आठवण कुठं सुटते? पण आठवणीचंही असं काही रांधता येत असेल, तर आपलं निभेल इथं. त्या दुपारी मी पोटभर जेवलो.