मुठीत न राहणारे केस

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे कुरळी म्हणत. चष्म्याच्या दुकानात ती भिंगं बसवायची. तिचा नवरा मारायचा. आधी केस मुठीत गुंडाळायचा, मग डोकं भिंतीवर आपटायचा. एका लग्नासाठी माझ्या बायकोने तिचे केस सरळ करून दिले, तेव्हा घरी गेल्यावर त्याची मूठ घसरली. दुसऱ्याच दिवशी तिने केसांची इस्त्री विकत घेतली.

"नटायला बरा वेळ मिळतो गं," सासू म्हणायची. बहीण रोज एकेक बट सपाट करायची.

त्या सकाळी अर्धं डोकं झालं होतं. चहा गार झाला म्हणून नवरा आत आला. "थांब, तुलाच सरळ करतो," म्हणत त्याने केसांना हात घातला. सरळ बाजू निसटली, म्हणून त्याने कुरळी धरली आणि तिचं कपाळ आरशावर आपटलं. तिने तापलेली इस्त्री त्याच्या मनगटावर मिटली आणि मूठ सुटेपर्यंत दाबून धरली. कातडी चरचरली. तो गुरासारखा ओरडला.

रक्ताळलेल्या कपाळाने ती माझ्या दारात आली.

"दादा, तो विचारत येईल. नाही म्हणू नकोस. इथेच आहे म्हणून सांग."