माद्रिदपर्यंतचं तिकीट

बारामतीत स्टँडसमोर एका एजंटाचं विमान-तिकिटांचं दुकान आहे. 'अमेरिका' हा शब्द तो आवाज खाली करून उच्चारतो, गावात बड्या पुढाऱ्याचं नाव घ्यावं तसा.

भवानीनगरचे आबा, साखर कारखान्यातले निवृत्त केमिस्ट, क्युबाला निघाले होते. तिथला एक साखरतज्ज्ञ पूर्वी वर्षभर कारखान्यावर राहून गेलेला. आता तो फार आजारी होता आणि आबांना त्याला एकदा भेटायचं होतं. तिकीट काढायला मी त्यांच्यासोबत दुकानात गेलो.

"आबा, क्युबाचं नाव काढू नगा," एजंट कुजबुजला. "अमेरिकेची बंदी हाय."

"त्यांची हाय, आपली न्हाय."

"तरीबी. माझी पोरगी तिकडं शिकतीय. तुमी मॉरिशसला जावा की, तितंबी ऊस हाय!"

"मला माणूस बघायचाय, ऊस न्हाय."

अमेरिकेत न उतरता माद्रिदवरून हवानाला जाता येतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भारताचा कुठलाही कायदा आड येत नव्हता. परक्या सरकारने हूं म्हणायच्या आधीच त्याने मान तुकवली होती. तिकीट त्याने माद्रिदपर्यंतचंच काढलं. पुढचं आबांनी पुण्याहून काढलं.

आबा मित्राला भेटून आले. जाहिरातीसाठी एजंटाने निर्लज्जपणे त्यांच्याकडून तिथला फोटो मागून घेतला. आता तो दुकानाच्या भिंतीवर आहे: समुद्रकिनारी दोन म्हातारे, एक चाकाच्या खुर्चीत. खाली छापलंय, 'आमचे समाधानी प्रवासी, मॉरिशस.'

"अहो, हे हवाना आहे!" मी म्हणालो.

त्याने आधी दाराकडे पाहिलं.

"हळू बोला की राव."