बास म्हणणारं माणूस

शेत विकल्यावर माझं काम संपलं, पण भूक तेवढीच राहिली. बायको गेल्यावर तर ती वाढलीच. दुपारी एकटा जेवायला बसलो की टोपल्यातल्या भाकरी संपेपर्यंत मी उठायचो नाही. अडुसष्टाव्या वर्षी पोट सुटलं, जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा लवळ्याच्या एका दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी दोनदा प्रेशर तपासलं. म्हणाल्या, "अंगातली चरबी मेंदूला निरोप पाठवत असते, की आता पुरे. चरबी फार वाढली की मेंदू तो निरोप ऐकेनासा होतो. मग भूक थांबत नाही, आणि त्याच निरोपाच्या माऱ्यानं प्रेशर मात्र चढतं. घरी स्वयंपाक कोण करतं? त्यांना उद्या घेऊन या."

"मीच करतुया," मी म्हणालो. "घरी दुसरं कुणी न्हाई."

मान खाली घालून त्यांनी गोळी लिहून दिली.

कासारसाईला दिलेल्या लेकीला मी हे सांगितलं. तेव्हापासून ती रोज दुपारी जेवताना फोन लावते. तिकडं ती जेवते, इकडं मी. माझी दुसरी भाकरी संपली की म्हणते, "आबा, बास आता. उठा, हात धुवा." मी उठतो.

वजन थोडं उतरलंय, गोळी चालूच आहे. रविवारी तिच्या घरी सगळी माणसं असतात, त्यामुळे फोन येत नाही. त्या दिवशी मी दोनच भाकरी थापतो, आणि त्या संपल्यावरही बराच वेळ ताटापाशी बसून राहतो.